मामाने भाच्याला दिलेली एअरगन: मीच जास्त घाबरतेय का?

दोन_पिलांची_आई
रात्री ९:४०

थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

लेकाच्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या धाकट्या भावाने एअरगन आणली. खोकं उघडलं तेव्हा कळलं की ही बीबी गन आहे, सोबत स्टीलच्या चकचकीत गोळ्यांची एक बाटली. मी तिथेच म्हटलं, "अरे, हे काय आणलंस?" तर म्हणे, "ताई, हे खेळणं आहे. दारू नाही, स्फोट नाही, नुसती हवा. तुझा मुलगा शहाणा आहे, त्याच्यावर विश्वास ठेव." नवऱ्यानेही त्याचीच री ओढली. सगळ्यांसमोर मी वाईट ठरले. मग गप्प बसले.

तीन आठवडे काही झालं नाही. आज दुपारी लेक मागच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या झाकणावर नेम धरत होता. सहा वर्षांची लेक त्याच्या मागे, जरा उजवीकडे उभी होती. मागे असल्यामुळे आम्ही निर्धास्त. गोळी झाकणावर आपटून उलटी आली आणि तिला डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर लागली. रडली, मी थंड पाण्याची घडी ठेवली, पंधरा मिनिटांत शांत झाली. पापणीवर मुगाएवढा लाल डाग आहे, रक्त नाही. दुखत होतं म्हणून घरातलं तापाचं-दुखण्याचं औषध दिलं. तेव्हापासून जरा सुस्तच आहे, संध्याकाळी सहालाच झोपली, मध्ये उठली तेव्हा बाथरूमचा दिवा लावू नको म्हणाली. दमली असेल.

आता प्रश्न असा. मी बंदूक भावाला परत देणार म्हटल्यावर नवरा म्हणतो, "एवढुशा डागावरून त्याचं मन मोडणार का?" भाऊ फोनवर हसला. लेक कोपऱ्यात तोंड फुगवून बसलाय. मला सांगा, मी उगाच घाबरतेय का? आणि परत द्यायची तर नातं न बिघडवता कशी देऊ?

---

गल्लीतला_गावसकर
रात्री ९:५२

ताई, रागावू नका, पण हो, जरा जास्तच. आमच्या लहानपणी आमच्याकडे छर्ऱ्याची बंदूक होती. डबे उडवले, एकमेकांच्या पायावरही मारल्यात. सगळे जिवंत आहोत, सगळ्यांना दोन-दोन डोळे आहेत. हल्ली मुलांना कापसात ठेवतात.

---

रात्रपाळी_सिस्टर
रात्री ९:५८

ताई, भाऊ, नवरा, नातं सगळं बाजूला ठेवा. तुमच्या एका ओळीसाठी लिहितेय: "सुस्त आहे, दिवा लावू नको म्हणाली."

ही दमणूक समजू नका. मी अकरा वर्षं नेत्रविभागात आहे. डोळ्याला मुका मार लागून डोळ्याच्या आत, पुढच्या भागात रक्त उतरलं की मुलांना उजेड सहन होत नाही, आणि लहान मुलं अशा वेळी विचित्र झोपाळू होतात. शिवाय पापणीवरचा डाग नुसता डाग आहे की बारीक भोक, हे घरी दिव्याखाली नक्की कळत नाही. डोळ्याच्या खोबणीच्या छताचं हाड लहान मुलांत फार पातळ असतं. झोपाळूपणाचं कारण तिथेही असू शकतं. आत्ता निघा. सकाळची वाट पाहू नका. जिथे डोळ्यांचे डॉक्टर रात्री बोलावता येतात अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

निघताना:

पापणी बोटांनी उघडून बघू नका. डोळा धुऊ नका, थेंब घालू नका, आता बर्फाची घडीही नको. डोळ्यावर कापूस-पट्टी घट्ट बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून त्याची वाटी करा आणि भुवई नि गालाच्या हाडावर टेकेल अशी चिकटपट्टीने लावा. डोळ्याला ती कुठेही टेकता कामा नये. तिला चोळू देऊ नका.

काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. गाडीत आडवी झोपवू नका, डोकं उंच ठेवून मांडीवर बसवा.

दुपारी दिलेल्या औषधाची बाटली सोबत घ्या. त्यात आयबुप्रोफेन असेल तर तसं सांगा, त्याने पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती वाढते. आता दुसरा डोस नको.

बंदुकीचं खोकं आणि एक गोळी पिशवीत टाका. हे विसरू नका. गोळी स्टीलची आहे हे डॉक्टरांना कळलं पाहिजे, कारण शरीरात लोखंडी तुकडा असण्याची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत. चुंबकाने तो तुकडा जागचा हलू शकतो. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात.

पोचलात की एका शब्दात कळवा.

---

दोन_पिलांची_आई
रात्री १०:०३

निघतोय. औषध आयबुप्रोफेनच आहे.

---

रात्रपाळी_सिस्टर
रात्री १०:२१

त्या पोचेपर्यंत गावसकरांना उत्तर देते, कारण हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते.

दादा, तुम्ही सगळे वाचलात म्हणून तुम्ही इथे लिहिताय. ज्याचा डोळा गेला तो "आमच्या लहानपणी" अशी सुरुवात करत नाही.

अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांच्या १९९० ते २०१६ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात आला. हवेच्या बंदुका, पेंटबॉल (खेळात एकमेकांवर मारायच्या रंगाच्या गोळ्या) वगैरेंनी जखमी झालेली १८ वर्षांखालची मुलं अंदाजे ३ लाख ६४ हजार. म्हणजे वर्षाला साडेतेरा हजारांच्या घरात. पाचातल्या चार जखमा बीबी गनच्या, आणि जखमींत सुमारे ८७ टक्के मुलगे. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. त्या काळात एकूण जखमांचा दर निम्म्याहून खाली आला, पण डोळ्याच्या जखमांचा दर मात्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढला.

डोळाच का? चेंडू लागला तर खोबणीच्या कडेचं हाड बराचसा मार झेलतं. साडेचार मिलिमीटरची गोळी त्या कडेला शिवतही नाही, थेट आत जाते. पेंटबॉल १७ मिलिमीटरचा, तोही खोबणीत आरामात मावतो. बाहेरून डोळा लालसर दिसतो, एवढंच. आत पडदा सुटलेला असतो, भिंग फुटलेलं असतं. काही मुलांत मोतीबिंदू महिन्यांनी दिसतो आणि काचबिंदू तर वर्षांनी. मूल तेव्हा कॉलेजात असतं. आईबाप विचारतात, "आमच्या घराण्यात कुणाला नाही, हे कुठून आलं?"

---

दहा_मीटर
रात्री १०:४५

मी मुलांना एअर रायफल शिकवतो, त्यामुळे एअरगनचा शत्रू मुळीच नाही. पण या ताईंच्या भावाचं "नुसती हवा" हे वाक्य वाचून हात शिवशिवले.

थोडं गणित. साधी स्प्रिंगची बीबी गन ०.३५ ग्रॅमची स्टीलची गोळी सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास फेकते. ऊर्जा पावणेदोन ज्यूल. कागदावर किरकोळ वाटते, पण ती गोळीच्या टोकाएवढ्या जागेत उतरते. हाताने पंप मारायच्या बंदुकीत मुलं "अजून एक, अजून एक" करत दहा पंप मारतात आणि वेग दुपटीच्या दिशेने जातो. दणकट स्प्रिंगच्या शिकारी एअर रायफलीतून शिशाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा तीनशे मीटर वेगाने सुटतो, म्हणजे वीस ज्यूलच्या वर. स्पर्धेतली माझ्या मुलांची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये १९८४ पासून ज्या बंदुकीने खेळतात, तिच्या जवळपास तिप्पट ऊर्जेची बंदूक "खेळणं" म्हणून घरात येऊ शकते. दिसायला दोन्ही सारख्याच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं म्हणणं आहे की सेकंदाला ३५० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे १०७ मीटरपेक्षा जास्त वेगाची बंदूक १६ वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. वेग खोक्यावर छापलेला असतो. कुणी वाचत नाही. धोक्याचं अंतरही छापलेलं असतं आणि ते शंभर-दोनशे यार्डांत असतं. तेही कुणी वाचत नाही.

आता उलटून आलेल्या गोळीबद्दल. शिशाचा छर्रा मऊ. कठीण जागी आपटला की चपटा होतो, बराचसा जोर तिथेच जिरतो. स्टीलची गोळी चपटी होत नाही. पत्रा, दगड, काँक्रीट, झाडाचं कठीण खोडसुद्धा, यांवर आपटली की उलटी येते, आणि समोरून सरळ आपटली असेल तर मारणाऱ्याच्याच दिशेने. म्हणून मारणाऱ्याच्या "मागे" उभं राहणं ही सुरक्षित जागा नव्हे, मारणाऱ्याने स्वतः अंगाने अडवलेली तेवढी पट्टी सोडली तर. बीबीसाठी लक्ष्याच्या मागे जाड कापडाचा सैल लोंबता पडदा किंवा वर्तमानपत्रांनी गच्च भरलेलं खोकं लागतं. आणि चष्मा बघणाऱ्यांनाही. पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, बाजूने बंद. नंबरचा चष्मा किंवा गॉगल त्यात धरू नका, ती काच फुटली तर दुखापतीत भर.

पण सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाने होतो: "रिकामी". आमच्या रेंजवर "रिकामी आहे सर" या वाक्याला किंमत नाही. नळीतून आरपार एक भडक रंगाची दोरी घालतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरी दोन्ही टोकांना दिसली की बंदूक रिकामी, नाहीतर भरलेली. घरगुती बीबी गनमध्ये गोळ्या वरच्या कप्प्यातून घरंगळत किंवा चुंबकाने ओढल्या जाऊन पुढे येतात. एखादी मध्येच अडकते. मुलगा चाप ओढतो, नुसती हवा सुटते, फुस्स. पुन्हा ओढतो, फुस्स. संपल्या म्हणतो. मग बंदूक जरा तिरकी होते, अडकलेली गोळी खाली घरंगळते.

---

गल्लीतला_गावसकर
रात्री १०:५८

ठीक आहे, शब्द मागे घेतो. मुलीचं कळलं का काही?

आणि एक खरंच विचारतोय. माझ्याकडे प्लास्टिकच्या गोळ्यांची बंदूक आहे, मुलं खेळतात. आणि ती पाण्यात फुगणाऱ्या मण्यांची. ती चालते ना?

---

दहा_मीटर
रात्री ११:०६

प्लास्टिकची सहा मिलिमीटरची गोळी ०.२ ग्रॅमची. शंभर मीटर वेगाने एक ज्यूल. कातडीत क्वचितच घुसते, डोळा मात्र बिघडवू शकते. फुगणाऱ्या मण्यांचंही डोळ्याच्या बाबतीत तेच. चेहऱ्याला पूर्ण मुखवटा नसेल तर नको. आणि "मुखवटा आहे" म्हणजे खेळ संपेपर्यंत आहे. पेंटबॉलमध्ये मुलं डोळे गमावतात ती घाम आला, काच धुकटली म्हणून मुखवटा वर सरकवल्यावर.

ते मणी घरात रांगतं मूल असेल तर मुळीच नकोत. गिळले तर आतड्यात फुगतात.

---

थोरला_१२
रात्री ११:३४

हे कुठेही लिहिलेलं नाही. नाव बदलून खातं काढलं आहे.

मी बारा वर्षांचा होतो, धाकटा नऊचा. बंदूक पंपाची होती. मी वर्गात पहिला-दुसरा येणारा, मोठ्यांचं ऐकणारा मुलगा. "शहाणा आहे, त्याच्यावर विश्वास ठेव" हे माझ्याबद्दलही म्हटलं गेलं होतं, आणि खोटं नव्हतं. नियम पाठ होते. माणसावर रोखायची नाही, हेही पाठ होतं.

वर त्या सरांनी लिहिलंय ना, फुस्स, पुन्हा फुस्स. अगदी तसंच. मी दोनदा चाप ओढला, हवा सुटली. संपल्या म्हणून धाकट्याला म्हटलं, "हात वर!" तो हसत हसत हात वर करून उभा राहिला. शर्ट वर सरकला होता, पोट दिसत होतं. दोन हातांवरून मी मारलं. तो "आई गं" म्हणून खाली बसला आणि मग पुन्हा हसला, कारण त्यालाही वाटलं की हवाच लागली.

बेंबीच्या डावीकडे एक टिपका होता. पेनाने काढावा तेवढा. रक्ताचा एक थेंब आला, मी अंगठ्याने पुसला. गोळी कुठे दिसेना. मी जमिनीवर शोधली. सापडली नाही, तरी ती आत गेली असेल हे डोक्यात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि मी ते येऊ दिलं नसेल. इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही.

त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस, बंदूक काढून घेतील. तो म्हणाला, नाही सांगणार. तो माझ्यासाठी काहीही करायचा.

रात्री तो जेवला नाही. आईने विचारलं तर "भूक नाही". अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. मी शेजारी. मध्यरात्री ओकला. मी उठून ते पुसलं, फडकं लपवलं. हे मी केलं. मला वाटत होतं मी त्याची काळजी घेतोय. पहाटे त्याचं अंग तापलं होतं आणि पोट लाकडासारखं कडक झालं होतं. हात लावला तर किंचाळायचा. तेव्हा मी आईला उठवलं आणि तेव्हाही आधी म्हटलं, "याला बरं वाटत नाही." बंदुकीचं सांगायला आणखी पाऊण तास घेतला. डॉक्टर अपेंडिक्सचा विचार करत होते.

आतड्याला दोन भोकं होती. रात्रभर घाण पोटात सांडत होती. गोळी मागे कण्याजवळच्या स्नायूत रुतली होती, ती काढण्यापेक्षा ठेवणं बरं म्हणून ठेवली. अजून आहे. सहा आठवडे गेले बरा व्हायला. आज त्याचं पोट उघडं पाहिलं तर मधोमध उभा व्रण आहे. गेल्या वर्षी पाठ धरली, डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर याने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला: "शरीरात स्टीलची गोळी आहे." तो कागद तो मुलांच्या फोटोशेजारी ठेवतो.

त्याने मला कधी बोल लावला नाही. मला ते अजून पेलत नाही, पण तो विषय वेगळा.

ताई, तुम्ही परत आल्यावर हे वाचाल. बंदूक परत द्यायची की नाही हे तुम्ही ठरवालच. माझं मागणं दुसरं आहे. तुमचा लेक कोपऱ्यात तोंड फुगवून बसलाय असं तुम्ही लिहिलंत. मला ते तोंड माहीत आहे. ते रागाचं नसतं. त्याच्यावर आज ओरडू नका, आणि घरातल्यांनाही ओरडू देऊ नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "आणखी कुणाला लागलंय का? कुठेही, कधीही? तुला काही होणार नाही, फक्त मला सांग." मला त्या रात्री कुणी असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. फडकं लपवताना मी वाटच बघत होतो कुणीतरी विचारेल म्हणून.

---

रात्रपाळी_सिस्टर
रात्री ११:४९

थोरला, वाचलं. दुसरं काही लिहीत नाही.

फक्त इतरांसाठी, यातलं वैद्यकीय: छातीवर, पोटावर, मानेवर, डोक्यावर गोळी लागली आणि गोळी सापडत नसेल, तर ती आत आहे असंच धरून चाला. भोक मिटतं, कातडी मागे सरकते, कधी भोक शोधावं लागतं. मूल चालतंय, हसतंय, यावर जाऊ नका. घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न नको. धनुर्वाताची लस कधी दिली ते आठवून ठेवा. शिशाचा छर्रा स्नायूत राहिला तर बहुतेकदा गप्प राहतो, पण सांध्यात राहिला तर सांध्यातल्या पाण्यात शिसं हळूहळू विरघळतं आणि रक्तात चढतं. म्हणून तो काढतात. आणि मुलं छर्रे तोंडात धरतात, हात मोकळे राहावेत म्हणून. ती सवय दिसली तर त्याच क्षणी मोडा.

---

दोन_पिलांची_आई
दुसऱ्या दिवशी, दुपारी २:१५

काल कळवू शकले नाही, माफ करा. सिस्टर, तुमचे पाय धरावेसे वाटतात.

डोळ्यात रक्त उतरलं होतं. तातडीच्या विभागात आधी सीटी केला, आत गोळी नाही, हाड शाबूत. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बघितलं. डोळ्याच्या आत, पुढच्या भागात तळाला रक्ताचा बारीक थर, मिलिमीटरपेक्षा कमी. डोळ्यातला दाब वाढलेला. दाबाचे थेंब, बाहुली मोठी ठेवायचे थेंब, सूज उतरायचे थेंब, आणि डोळ्यावर कडक कवच. डोकं उंच करून झोपायचं, धावायचं नाही, आयबुप्रोफेन बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. पुढचे पाच दिवस रोज बोलावलंय, कारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्त येऊ शकतं. काही आठवड्यांनी डोळ्याच्या आतल्या कोनाची तपासणी. आणि मग, हे ऐकून मी खुर्चीत बसले, दरवर्षी दाब तपासायचा. किती वर्षं, विचारलं. म्हणाले, "कायम धरून चाला."

नवरा परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. घरी येऊन त्याने बंदूक, बाटली, सगळं पोत्यात घालून कपाटात कुलूप लावलं. भावाला मी फोन केला नाही, त्यानेच केला. मी फक्त डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. तो रडायला लागला तर मलाच त्याची समजूत काढावी लागली. नातं न बिघडवता कसं सांगू, म्हणून काल विचारत होते. सांगायची वेळच आली नाही.

थोरला, तुमचं पहाटे वाचलं. लेक जागा होता. त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि तुम्ही लिहिलं होतं तेच शब्द जसेच्या तसे विचारले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रागावणार नाहीस ना?"

शेजारच्या मुलाला, गेल्या आठवड्यात. पोटरीत. दोघांनी चिकटपट्टी लावली आणि फुलपँट घालून फिरायचं ठरवलं. गोळी सापडली नव्हती.

त्याच्या आईबाबांना सांगायला निघालेय. लेक म्हणतो, मी पण येतो. सिस्टर, तिथे काय काय सांगायचं ते पटकन लिहाल का? माझं डोकं चालत नाहीये.

---

रात्रपाळी_सिस्टर
दुपारी २:२१

त्याला येऊ द्या.

सांगायचं एवढंच: कधी लागली, किती अंतरावरून, आणि गोळी स्टीलची, साडेचार मिलिमीटर. आजच एक्स-रे. जागा लाल, गरम, पू किंवा ताप असेल तर एक्स-रेसाठीसुद्धा थांबू नका, सरळ तातडीच्या विभागात. पाय सुन्न पडतो का, पाऊल वर उचलता येतं का, ते विचारा. धनुर्वाताची लस विचारा. चिमटा नको. एक्स-रेत गोळी दिसली तर "एमआरआय नको" ही नोंद त्याच्या फाइलवर आजच करून घ्या.

बाटलीतली एक गोळी सोबत न्या, दाखवायला.